राणीच्या विहिरीची खोली

ज्या वर्षी वहिनीच्या धाकट्या नणंदेचं ठरलेलं लग्न नवऱ्यामुलाच्या सर्दीमुळे पुढे ढकललं गेलं आणि मग पुढेच राहिलं, त्याच वर्षी राणीच्या विहिरीवर पाटी लागली. घरात दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या जात. सर्दी झालेला मुलगा पुढे बराच काळ दिसला नाही. पाटी मात्र रोज दिसायची, कारण ती वहिनीच्या दारासमोरच होती.

शहर जुनं होतं. किती जुनं ते कुणालाच सांगता येत नसे, आणि तेच त्याचं मोठेपण असं पर्यटन कार्यालयाने ठरवून टाकलं होतं. प्रवाशांना बघायला एक मोडकी वेस होती. ती शत्रूने मोडली की पालिकेच्या पाण्याच्या गाडीने, यावर दोन मतं होती. एक संग्रहालय होतं, त्याची किल्ली ज्याच्याकडे असे तो माणूस कायम जेवायला गेलेला असे. एक तोफ होती, तिच्यावरून घसरून घसरून पोरांनी ती इतकी चकचकीत केली होती की प्रवासी तिला नवी समजत आणि पुढे जात. नकाशावर स्वच्छतागृहही होतं, त्याखाली बारीक अक्षरांत 'नियोजित' लिहिलेलं. नडलेला प्रवासी नकाशा हातात धरून त्या जागी पोचायचा आणि तिथल्या मोकळ्या मैदानाकडे बघत शहराच्या भविष्याचा विचार करायचा.

एवढ्या वैभवात एका विहिरीची भर पडली. विहीर आधीपासून होतीच, पण तिच्यावर पाटी नव्हती, म्हणून ती ऐतिहासिक नव्हती. पाटीवर चार ओळी होत्या:

राणीची विहीर
बांधकाम: प्राचीन
खोली: अज्ञात
कृपया आत वाकू नये.

विहिरीला लागून फरसबंदी चौक होता आणि त्या चौकात एकच दार उघडत होतं. ते वहिनीचं. आत एक मोठी खोली, मागे स्वयंपाकाची जागा, वर एक पोटमाळा. पोटमाळ्यावर नणंद झोपायची. खालच्या खोलीत खिडकीजवळ वहिनीच्या नवऱ्याची खाट होती. त्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची. दादांनी जन्मभर वेताच्या खुर्च्या विणल्या. शहरातल्या मोठ्या माणसांना ते चेहऱ्याने कमी आणि बुडाने जास्त ओळखायचे. कोण एका बाजूला कलून बसतो, कोण खुर्चीत मावत नाही, कुणाची जाळी वर्षात फाटते, हे त्यांना तोंडपाठ. आता छातीने दगा दिला होता. चार पावलं चालले की भात्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, जिना चढायचा नाही, दगदग नाही, आहेत तिथे आहेत तसे ठेवा. दादांनी त्याच संध्याकाळी वहिनीला जवळ बोलावलं.

"मला इथून हलवायचं नाही," ते म्हणाले.

"कोण हलवतंय?"

"कुणीही. तू सुद्धा. जे व्हायचं ते या खाटेवर होऊ दे. कबूल?"

"कबूल. आता औषध घ्या."

"औषध कडू आहे."

"तुमच्यापेक्षा कमीच," वहिनी म्हणाली आणि चमचा पुढे केला. पण शब्द दिला तो दिला. वहिनी शिलाईची कामं करायची. कपडा आखूड करायचा तर आखूड, सैल करायचा तर सैल. तिचा शब्द मात्र एकाच मापाचा होता.

दादांचा धाकटा भाऊ गाईड होता. शाळेत तो इतिहास सोडून सगळ्या विषयांत पास व्हायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव 'इतिहास' ठेवलं. पुढे त्याने तोच धंदा पत्करला तेव्हा लोक हसले, पण बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. इतिहास बोलायचा. तोडक्यामोडक्या चार भाषांत बोलायचा आणि उरलेलं हातवाऱ्यांनी भागवायचा. प्रवाशाने काहीही विचारावं, 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. माहीत नाही म्हणणारा गाईड आणि मीठ नाही म्हणणारा वाणी, दोघांनीही दुकान बंद करावं, असं त्याचं मत होतं.

पाटी लागल्यावर आठच दिवसांत हॅट घातलेल्या एका प्रवाशाने पाटीवर बोट ठेवून विचारलं, "खोली अज्ञात म्हणजे काय हो? कुणाची खोली?"

विहिरीच्या पाटीवर खोली म्हणजे पाणी किती खोल, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण इतिहास सकाळपासून तीन टोळ्यांना वेस दाखवून आला होता, डोकं तापलेलं होतं, आणि प्रश्न ज्या सुरात आला त्याच सुरात त्याने उत्तर दिलं.

"राणीची," तो म्हणाला. "राणीची गुप्त खोली. इथेच कुठेतरी आहे. आजवर कुणाला सापडली नाही. म्हणून तर अज्ञात."

हॅटवाल्याने हॅट काढली. मागच्या बायकांनी एकमेकींचे दंड धरले. इतक्या दिवसांत मोडक्या वेशीला जे जमलं नव्हतं ते एका शब्दाने करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी लोक राणीची खोली विचारत आले. तिसऱ्या दिवशी ते म्हणू लागले की अज्ञात असली तरी दाखवा. एवढे पैसे मोडून आलोय, बाहेरून तरी बघू. इतिहासाने चौकात नजर फिरवली. दार एकच होतं.

"तज्ज्ञांचा संशय," तो आवाज खाली आणून म्हणाला, "या दारावर आहे."

दाराआड तज्ज्ञांचा संशय खाटेवर पडून खोकत होता.

पहिल्यांदा एक टक्कल खिडकीतून आत आलं, तेव्हा वहिनी कुणाच्यातरी पँटचा घेर काढत होती. ती कात्री घेऊनच उठली. टक्कल मागे गेलं, पण त्याच्या जागी दुसरं डोकं आलं.

"काय पाहिजे?" वहिनीने विचारलं.

"राणी इथेच राहायची ना?"

"राणी आत्ता भांडी घासायला गेलीय. निघा."

डोकं खूश होऊन गेलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, स्थानिक लोक फार विनोदी आहेत.

संध्याकाळी इतिहास चहाला आला तेव्हा वहिनीने त्याच्यापुढे कप आपटला. "भावजी, तुम्ही विहिरीची खोली माझ्या घरात आणून ठेवलीत?"

"वहिनी, दोनचार दिवसांची हौस असते लोकांची. विसरतील."

"तुम्हाला खोली या शब्दाचा अर्थ माहीत आहे का?"

"दोन्ही माहीत आहेत," इतिहास म्हणाला. "पण लोकांना एक आवडतो."

दादा खाटेवरून म्हणाले, "याला शाळेत मास्तर मारायचे ते कमीच."

लोक विसरले नाहीत. कोपऱ्यावरच्या लॉजवाल्याने आपल्या इमारतीला 'राणी निवास' नाव दिलं आणि ज्या खोल्यांना खिडकी नव्हती त्यांना 'गुप्त खोली' म्हणून जास्त भाडं लावलं. आधी प्रवासी खिडकी नाही म्हणून भांडायचे, आता खिडकी निघाली तर भांडू लागले. खेळणीवाल्याने लाकडी राण्या आणल्या. त्या मागच्या वर्षीच्या सैनिकांपासूनच केलेल्या होत्या, फक्त मिशा खरवडलेल्या. नणंद सुद्धा पाटीशेजारी टेबल टाकून तिकिटं फाडायला बसली. पर्यटन कार्यालयाने तिला ते काम दिलं होतं. लग्न मोडल्यापासून ती पोटमाळ्यावरून खाली यायला तयार नव्हती. आता डोळ्यांत काजळ घालून सगळ्यांच्या आधी टेबलावर हजर.

"वन्सं, तुम्ही सुद्धा?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, तुझं काय जातं? खोली म्हणजे खोली. नाहीतरी घराकडे आजवर कोण फिरकत होतं?"

"तुमच्या दादाला धाप लागते त्या गर्दीने."

"मी सांगते ना लोकांना, हळू बोला म्हणून."

आणि ती खरंच सांगायची. लोक हळू आवाजात खिडकीतून डोकावायचे, जसं आजाऱ्याला बघायला आलेत. फक्त जाताना फोटो काढायचे.

मग पर्यटन कार्यालयाच्या मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या. चप्पल दाराबाहेर काढून आल्या, दादांची विचारपूस केली, पाणी मागून घेतलं आणि प्यायल्या सुद्धा. मग भिंतींवरून हात फिरवून म्हणाल्या, "केवढा वारसा जपलाय तुम्ही."

"चुना आहे तो," वहिनी म्हणाली. "मीच लावला."

मॅडमनी हसून विषय बदलला. ही वास्तू आता कार्यालय ताब्यात घेणार होतं. घरच्यांनी काळजी करायचं कारण नव्हतं. शहराबाहेर नवी वसाहत झाली होती, तिथे त्यांना घर मिळणार होतं, नळ आतमध्ये, हवा चांगली, तिसरा मजला.

"लिफ्ट?" वहिनीने विचारलं.

"नियोजित आहे."

वहिनीला ते मैदान आठवलं. खाटेवरून दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्यांच्या पाठीने पुष्कळ सांगितलं. तिसरा मजला म्हणजे काय, ते डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती. दादा दुसऱ्या मजल्यावरच संपले असते.

दुसऱ्या दिवशी वहिनी चांगली साडी नेसून कार्यालयात गेली. मॅडमनी तिला बसायला खुर्ची दिली. खुर्ची दादांनीच विणलेली होती, जाळी अजून ताठ होती.

"मॅडम, एक चूक झालीय," वहिनी म्हणाली. "पाटीवर लिहिलंय खोली अज्ञात. म्हणजे विहिरीची खोली. किती खोल, ते माहीत नाही. माझ्या खोलीचा आणि राणीचा काही संबंध नाही. माझ्या सासऱ्यांनी ती कोळशाच्या वखारवाल्याकडून घेतली."

मॅडमनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"वहिनी, हे मला माहीत आहे. ती पाटी मीच लिहून दिली होती."

"मग झालं तर."

"झालं कसलं? ती पाटी नंतर आणखी दोन भाषांत लिहून घेतली. लिहिणाऱ्याने दोन्ही भाषांत राहायची खोली केली. तशी पुस्तकं छापून गेली. वरचे साहेब येऊन बघून गेले, आणि साहेबांना विहीर आवडली नाही, खोली आवडली."

"मग पाटी दुरुस्त करा."

"पाटी दुरुस्त करायला समिती बसवावी लागते," मॅडम म्हणाल्या. "खोली ताब्यात घ्यायला नुसती सही लागते."

वहिनी उठली. दारात थांबून म्हणाली, "म्हणजे अडचण काय ती 'अज्ञात'ची आहे. खोली ज्ञात झाली तर?"

"कशी होईल?"

"मोजून."

मॅडमनी तिच्याकडे सहानुभूतीने बघितलं, जशी कार्यालयातली माणसं सरळ विचार करणाऱ्याकडे बघतात.

वहिनीने घरी येऊन कोळशाची जुनी इस्त्री काढली. चांगली जड, तिच्या सासूच्या वेळची. दादांकडे वेताचे भारे बांधायचा लांब दोर होता, तो इस्त्रीच्या मुठीला बांधला. जुनी माणसं विहीर पुरुषांत मोजायची. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. वहिनीला दुसरं माप माहीत नव्हतं असं नाही, कमरेला मापाची टेप कायम असायची, पण विहिरीला टेप लावणं म्हणजे हत्तीचा शर्ट बेतायला वीत घेऊन जाणं. तिने दादांची उंची दोरावर मनाने धरली, वर हाताची भर घातली आणि प्रत्येक पुरुषाला एक गाठ मारली.

"काय चाललंय?" दादांनी विचारलं.

"तुम्हाला विहिरीत सोडतेय," ती म्हणाली. "गाठी मारून."

"बघ, जमतंय का. तिथे तरी गर्दी नसेल."

तिने मुद्दाम भर गर्दीची वेळ निवडली. लोकांसमोर मोजलं की लोकच साक्षीदार. चौकात प्रवाशांच्या दोन टोळ्या उभ्या होत्या, लॉजवाला आपली गिऱ्हाइकं घेऊन आला होता, मॅडमही कुणा पाहुण्यांबरोबर होत्या. वहिनी सगळ्यांना बाजूला सारत कठड्यापाशी गेली आणि इस्त्री आत सोडली.

इतिहासाच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो मुरलेला गडी. पळालेलं पाणी त्याने लगेच वळवलं. "मंडळी," तो ओरडला, "शोध आजही चालू आहे. आपण भाग्यवान आहात."

मंडळी पुढे सरसावली. मोबाइल वर झाले. दोर सरसर खाली जात होता. वहिनीच्या कपाळावर घाम आला, पण तोंडाने ती एकेक गाठ मोजत होती आणि मोजता मोजता तिचा आवाज चढत होता. शेवटी दोर सैल पडला. इस्त्री तळाला टेकली. एवढी आढ्यता मिरवणारी विहीर फार खोल नव्हतीच. वहिनीने वर बघितलं, सगळं जग समोर होतं, मॅडम समोर होत्या. ती छातीत हवा भरून ओरडली,

"पाच पुरुष! हीच खोली!"

आणि बोलताना तिने दोर धरलेला हात वर उचलला. दोराचं दुसरं टोक तिने कमरेला बांधलं होतं, त्याचा ताण पडून हात गेला तो सरळ तिच्या स्वतःच्या दाराच्या दिशेने. सगळ्यांनी माना वळवून त्या दाराकडे बघितलं.

"ऐकलंत?" इतिहास कुजबुजल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग त्याने ते चारही भाषांत सांगितलं. "राणीचे पाच पुरुष. याच खोलीत."

काही बायकांनी तोंडावर हात ठेवला. एका म्हाताऱ्या प्रवाशाने दोनदा विचारून खात्री करून घेतली, पाचच ना? मग टाळ्या पडल्या. वहिनी मधोमध उभी होती, हातात दोर. ती सांगत होती, अहो, पुरुष म्हणजे माप, खोली म्हणजे पाणी. पण टाळ्यांत माप ऐकू येत नाही. करायला गेली काय आणि उलटे झाले पाय.

मॅडमचे पाहुणे मॅडमना म्हणाले, "घरच्या बाईनेच सांगितलं. आता शंकेला जागा नाही."

मॅडम वहिनीच्या नजरेला नजर न देता म्हणाल्या, "नाही. आता नाही."

घरात वहिनी खाटेच्या कडेला बसली. दादांनी सगळं खिडकीतून ऐकलं होतं. त्यांना हसू येत होतं आणि हसलं की धाप लागत होती, म्हणून ते थोडं थोडं हसत होते.

"पाच पुरुष," ते म्हणाले. "आणि तू मला एकालाच कंटाळली होतीस."

"हसा. पंधरा दिवसांत तिसऱ्या मजल्यावर हसाल."

हसणं थांबलं. दादांनी तिचा हात धरला. तसं ते कधी करत नसत. जन्मभर हाताला वेताच्या कुसळांची सवय, कुणाचा हात धरायचा तर जपून. "तू कबूल केलंयस," ते म्हणाले.

वहिनीने मान हलवली. आणि त्या रात्री नव्हे, तिथेच, भर दुपारी, चौकात लोक अजून पाच पुरुषांवर चर्चा करत असताना, तिला कळलं की खरं सांगून हा माणूस या खाटेवर राहणार नाही. ती मागच्या दाराने गेली आणि इतिहासाचा शर्ट धरून त्याला आत ओढून आणलं.

"भावजी, ते पाच पुरुष कोण होते?"

इतिहास चाचरला. "अजून ठरवलं नाही."

"पहारेकरी होते. खोलीचे पहारेकरी. राणीने त्यांना सांगितलं होतं, तुमच्या वंशातला एकतरी माणूस या खोलीत राहिला पाहिजे. बाहेर गेला तर खोली जाईल."

इतिहास तिच्याकडे बघतच राहिला. अडाण्याचा गाडा समजून ज्याला आपण धक्का देत होतो तो घाटात आपल्या पुढे निघावा, तसं त्याचं झालं.

"वहिनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही. उद्यापासून तुम्हीच सांगताय. चार जणांचा वंश बुडाला. पाचव्याचा शेवटचा माणूस तो बघा, खाटेवर. त्याला हलवलं तर बघायला काय उरतं? माझा चुना?"

"पण वहिनी, तुम्ही तर मघापर्यंत खोटं म्हणून..."

"मघापर्यंत मला वाटत होतं, खऱ्याला कुणी विचारतं. तुमच्यामुळे माझा नवरा जिन्यात मरायला नको. पहिलं खोटं तुमचं, आता दुसरंही तुम्हीच सांगा. मी मान हलवते."

इतिहासाने खाटेकडे बघितलं. दादा त्याचे थोरले भाऊ. त्यांनीच लहानपणी इतिहासाचं नापास होणं आईसमोर पाठीशी घातलं होतं. त्या दिवसापासून त्याने ती गोष्ट अशी सांगितली की ऐकणाऱ्याला रडू यावं. मॅडमना सांगितली तेव्हा मॅडमनी डोळे पुसले. डोळे पुसता पुसता त्या वहिनीला म्हणाल्या, "हे खरं आहे?"

"पाटीइतकंच खरं आहे," वहिनी म्हणाली.

मॅडमनी थोडा वेळ विचार केला. त्या खरंच वाईट नव्हत्या. त्यांनी वर कळवलं की वास्तूबरोबर एक जिवंत वारसाही मिळालेला आहे आणि तो हलवला तर खराब होईल. वरून मंजुरी आली. अट एकच: कार्यालयाच्या वेळेत खिडकी उघडी पाहिजे आणि वारसा दिसला पाहिजे.

वहिनीने ही अट दादांना सांगायला दोन दिवस घेतले.

"म्हणजे मी माकड," दादा म्हणाले.

"माकडाला फुटाणे मिळतात. तुम्हाला नुसतं बघणार."

"हलवणार नाहीत ना?"

"आता कुणाचा बाप हलवू शकत नाही. डॉक्टरांना सुद्धा कार्यालयाची परवानगी लागेल."

दादांनी छताकडे बघितलं. "मग बघू देत," ते म्हणाले. "मी पण बघीन. जन्मभर यांची बुडंच बघितली, आता तोंडं बघतो."

कार्यालयाने एक लाल झगा आणि पितळी बिल्ला पाठवला. झगा वहिनीने दादांच्या मापाचा करून दिला, छातीत सैल, म्हणजे श्वासाला अडायला नको. ती स्वतःच्या हाताने ते खोटं शिवत होती आणि टाके मात्र नेहमीसारखेच बारीक घालत होती.

मग रोज टोळ्या यायच्या. दादा खाटेवर टेकून बसायचे, लाल झगा घालून, आणि लोक खिडकीबाहेर श्वास रोखून उभे राहायचे. दादांना जे म्हणायचं ते दादा म्हणायचे. बाकीचं इतिहास सांभाळायचा.

"बाजूला हो, वारा अडतोय," दादा म्हणायचे.

"ते म्हणतात, या खिडकीतून राणीला शत्रूच्या हालचाली कळायच्या."

"याच्या अंगाला कसला वास येतोय?"

"ते म्हणतात, इथे पूर्वी सुगंधी फुलांची बाग होती."

"किती वेळ हे? मला लघवीला जायचंय."

इतिहास मान खाली घालायचा. "पूर्वजांच्या आठवणीने ते व्याकूळ झालेत. आपण पाच मिनिटं चौकात थांबू."

नणंद टेबलावरून हे ऐकायची आणि तोंडावर ओढणी धरून हसायची. पोटमाळ्यावरची नणंद आणि टेबलावरची नणंद एकच बाई आहे हे वहिनीला पटत नसे. एकदा तो सर्दीवाला नवरामुलगा बायकोला घेऊन तिकीट काढायला आला. नणंदेने दोघांची तिकिटं फाडली, उरलेली चिल्लर मोजून दिली आणि म्हणाली, "आत गारठा आहे, जपा."

दादांचं मात्र काहीतरी विचित्र होऊ लागलं. जो माणूस पाहुणा आला की भिंतीकडे तोंड फिरवायचा, तो सकाळी दाढी करून मागायला लागला. गर्दी कमी असली की विचारायचा, आज लोक का नाहीत, पाऊस आहे का? एका लहान मुलीने त्यांना विचारलं, राणी कशी होती? इतिहास तोंड उघडणार तोच दादा म्हणाले, "तिरसट होती. पण शब्दाची पक्की." आणि त्यांनी शिलाई मशीनकडे बघितलं. वहिनीचा धागा तुटला. तो ओवायला तिला बराच वेळ लागला.

ती रात्री त्यांना म्हणाली, "माझं नाव घ्यायचं नाही हां त्या लोकांसमोर."

"मी कुठे घेतलं? राणीचं घेतलं."

हिवाळा लागला तशी धाप वाढली. डॉक्टर आले, म्हणाले दवाखान्यात ठेवू. दादांनी नाही म्हटलं. डॉक्टर वहिनीकडे बघायला लागले. सगळी गल्ली वहिनीकडे बघायला लागली, कारण वेळ आली की बाईकडेच बघायचं असतं. मॅडमही येऊन गेल्या आणि दाराबाहेर वहिनीला हळूच म्हणाल्या, कार्यालयाचं सोडा, तुम्हाला न्यायचं तर न्या, मी बघते.

वहिनी खाटेशी गेली. "न्यायचं का?" तिने विचारलं. "शेवटचं विचारतेय. माझ्या शब्दाचं मनात धरू नका. तुम्ही हो म्हणालात तर मी खोटी पडायला तयार आहे."

"तुला खोटं बोलायची चटक लागलीय," दादा म्हणाले. त्यांना एका वाक्याला तीनदा थांबावं लागलं. "इथेच."

मग तिने डॉक्टरांना चहा दिला आणि पाठवून दिलं. लोकांनी नावं ठेवली. लॉजवाला म्हणाला, बाईने तमाशासाठी नवरा ठेवून घेतला. हे सांगताना त्याच्या 'गुप्त खोल्या' सगळ्या भरलेल्या होत्या.

पुढच्या दिवसांत खिडकीचा अर्धा पडदा ओढलेला असायचा. लोकांना अर्ध्या पडद्याआडचा वारसा पूर्ण वारशापेक्षा जास्त आवडला. वहिनी शिलाईचं काम बाजूला ठेवून खाटेजवळ बसायची, आणि बघणाऱ्यांनी तिलाही त्या गोष्टीत घेतलं. पहारेकऱ्याची पत्नी. तिने तक्रार केली नाही. तिला फक्त त्यांचा श्वास मोजायचा होता, आणि त्याला कुठली पट्टी लागत नाही.

ज्या सकाळी तो मोजायला उरला नाही, त्या सकाळी तिने त्यांचे डोळे मिटले, लाल झगा उतरवून घडी करून ठेवला आणि त्यांचा रोजचा पांढरा सदरा घातला. नणंदेला उठवलं. नणंद पायरीवर बसून रडली. मग वहिनी चौकात गेली. पहिली टोळी येऊन उभी होती आणि इतिहास त्यांना पाचव्या पुरुषापर्यंत घेऊन आला होता.

"भावजी, आज बंद," ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. त्याचे हात, जे कधी थांबत नसत, खाली लोंबकळले. "लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा. एकदा."

इतिहास वळला. त्याने चारही भाषांत सांगितलं, माझा थोरला भाऊ वारला. तो खुर्च्या विणायचा. पहारेकरी नव्हता, कुणाचा वंशज नव्हता, या खोलीत राणी कधी आली नव्हती. तो एवढं बोलला आणि चौकात सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. प्रवाशांनी टोप्या काढल्या. एका बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागून एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं की हा भाग रोज असतो का, कारण त्याच्या मेव्हण्याने पाहिला तेव्हा हे नव्हतं.

वहिनी आत गेली आणि दार लावून घेतलं.

खुर्च्या विणणारे दादा पाटी लागली त्याच्या पुढच्या वर्षी, डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर वारले.